जोंधळ्याच्या कण्या, द्राक्षाची पानं

अक्का, वेल छाटली. तू छाटायचीस तशीच छाटली, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की मेली बिचारी. शेजारची नरसम्मा माग थांबवून भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "अय्यो, अक्का गेली म्हणून वेल पण घालवली काय गं?" मी म्हटलं, "जरा दम धर, मग बोल." दर चैत्रात ती वेल घालवली काय म्हणून विचारायची आणि तू हेच सांगायचीस. ह्या खेपेला उत्तर मला द्यावं लागलं. मग दोघी आपापल्या कामाला लागलो.

आता वेल फुटलीय. तळहाताएवढी, पोपटी, कोवळी लुसलुशीत पानं. तू असतीस तर एव्हाना परात घेऊन मांडवाखाली उभी असतीस, आणि मी चुलीपासून ओरडले असते, "अगं, चार तरी ठेव वेलीवर! सगळा पाला ओरबाडलास तर द्राक्षं काय दाराच्या चौकटीला लागणार?" तू मागं वळूनसुद्धा बघितलं नसतंस. म्हणाली असतीस, "द्राक्षं आंबट निघत्यात तुझ्या माहेरची. पानंच बरी."

माझ्या माहेरची! करकंबच्या मळ्यातनं मामानं ओल्या गोणपाटात गुंडाळून काडी दिली होती, ती मी मांडीवर घेऊन सोलापूरला आणली. नवी नवरी, दुसरं काही मागायचं सुचलं नाही मला. मी ती लावली द्राक्षं खायला. तू लावून घेतलीस, पाणी घातलंस, मांडव घातलास, आणि पहिली पानं फुटल्यापासून जी पानांच्या मागं लागलीस ती लागलीस. अख्खी गल्ली आपल्याला शेळ्यांचं घर म्हणायची. "शेळ्या काय करत्यात?" "पाला खात्यात." नवी पेठेतनं बाजार घेऊन येताना बायका मुद्दाम दारात थांबून विचारायच्या. तू त्यांनाच आत बोलावून खायला घालायचीस. मग त्यांच्या तोंडाला कुलूप.

लग्न होऊन आले तेव्हा मी तुला "अवो, तुमी" म्हणायचे. थोरली जाऊ, घरात सासू नाही, म्हणजे तूच सासू. एकदा तू पिठाचे हात कमरेवर ठेवून म्हणालीस, "मला तुमी म्हणू नगंस बाई. म्हातारी झाल्यावानी वाटतंय. अक्का म्हण आणि तू म्हण." त्या दिवसापासून ह्या घरात मला एक माणूस तू म्हणायला मिळालं. त्याचं मोल मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "बरं बरं, लसूण सोल."

आणि भावजी. त्यांच्यापायीच तर सगळं.

माझे थोरले दीर रेल्वेत फिटर. लढाईच्या दिवसांत सरकारनं त्यांना रूळ टाकायला समुद्रापार अरबांच्या मुलखात, बसऱ्याला नेलं होतं. मी ह्या घरात आले ती ते परत आल्यावर. आधी कसे होते हे मला तुझ्याच तोंडून कळलं. म्हणे गल्लीच्या तोंडापासून त्यांचं हसणं ऐकू यायचं, म्हणे ताटावर बसले की भाकरी थापणाऱ्या बाईचे हात दुखायचे. मी पाहिले ते भावजी अर्धी भाकरी कुस्करून उठणारे. कामावर जायचे, यायचे, भिंतीला टेकून बसायचे. बसऱ्याचं एक अक्षर नाही. विचारलं तर "हुं."

मला तर त्यांच्याशी बोलायचीच सोय नव्हती. थोरल्या दिरासमोर धाकट्या जावेनं तोंड उघडायचं नाही, ही आपल्या घरची रीत. मग मी आपली दाराआडून म्हणायचे, "अक्का, त्यांना विचार की, आमटी वाढू का." ते चार हातांवर बसलेले. तू तिकडं मान करून म्हणायचीस, "आमटी वाढू का म्हणतीया." ते म्हणायचे, "नको म्हण." तू माझ्याकडं वळायचीस, "नको म्हणत्यात." आणि मग एकदा वैतागून, "अगं, ते काय भैरे हायत व्हय? का मी पोस्टमन हाय?" इतकी वर्षं आम्हा दोघांमधलं प्रत्येक वाक्य तुझ्या तोंडून गेलं, अक्का.

तर वेलीला पहिल्यांदा भरून पानं आली त्या वर्षी भावजी मांडवाखाली उभे राहिले, एक पान तोडलं, चुरगळून वास घेतला आणि कुणी न विचारता म्हणाले, "बसऱ्याला ह्या पानात भात भरून शिजवत होती एक म्हातारी."

तुझ्या हातनं बादली पडली. सगळं अंगण पाणी पाणी. तू ते पाणी तसंच वाहू दिलंस आणि हळूच, शेळी बुजू नये तशी, विचारलंस, "आन् मग?"

"मग काय. खाल्लं."

एवढंच. पण तू त्या एवढ्यालाच धरून बसलीस. दुसऱ्याच दिवशी परात घेऊन मांडवाखाली.

आपण दोघींनी द्राक्षाच्या पानांचं कधी काही खाल्लं होतं का? नाव नको. आपल्याला माहीत अळूच्या वड्या. मग तू तेच केलंस. पानाच्या पाठीवर डाळीचं पीठ थापलंस, वर भात पसरलास, आणि अळू खाजतो म्हणून सवयीनं चिंचेचा हा एवढा कोळ त्यात घातलास. माझ्याही डोक्यात आलं नाही. अगं, द्राक्षाचं पान कुठं खाजतं? ते तर जन्माचंच आंबट! त्यात चिंच! माझ्या नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि त्याचा एक डोळा आपोआप मिटला. नरसम्मा "रामा रामा" करत पाण्याकडं पळाली. भावजींनी मात्र एक अख्खं खाल्लं. तोंड वाकडं न करता. मग म्हणाले, "चिंच नव्हती. तिनं पानंच नुसती गरम पाण्यातनं काढली होती."

सगळ्यांनी तुला हसून घेतलं. मीही. तू हसत नव्हतीस. तू माझ्या कानात म्हणालीस, "बघितलंस? अजून एक वाक्य निघालं."

तेव्हा मला काही कळलं नाही. मला वाटलं, बाईला स्वयंपाकाचं वेड लागलं.

पुढच्या खेपेला कच्चा तांदूळ भरलास आणि चांगला आवळून आवळून गुंडाळलास. तांदूळ फुगला, पानं फुटली, पातेल्यात सगळी खिचडी. भावजी म्हणाले, "सैल गुंडाळायची. वर काय तरी जड ठेवत होती." झालं! तू पानांवर ताटली उपडी घातलीस आणि तिच्यावर पाट्यावरचा वरवंटा ठेवलास. तळाला फाटकी पानं अंथरलीस, लागू नये म्हणून. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. पानाची पाठ वर करायची, देठ खुडायचा, चिमूटभर सारण, दोन्ही बाजू आत घ्यायच्या आणि विड्यासारखं गुंडाळत न्यायचं. तुझी पानं पातेल्यात अशी बसायची, एकसारखी, अंगाला अंग लावून, की मला बोट घालायलाही भीती वाटायची. माझी पानं म्हणजे बाळंतिणीचं गाठोडं. तू ती तळाला घालायचीस, कुणाला दिसू नयेत म्हणून, आणि विचारलं तर सांगायचीस, "तिनंच केली सगळी."

असं दरसाल एकेक वाक्य निघत गेलं. भावजी तापानं फणफणलेले होते. म्हातारीचं घर रुळाच्या कडेला होतं. ती त्यांना बोलवून सावलीत बसवायची. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती. तिच्या पानांत मटण असायचं, ते भावजींनी गळ्यातलं इष्टलिंग दाखवून, हात जोडून नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं बिनमटणाची वेगळी केली, आणि तिच्या घरच्यांच्या पानांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाला पांढरा दोरा बांधला. हे सांगताना भावजींनी बोटानं हवेत दोरा गुंडाळून दाखवला. इतकं बोलणं त्या घरानं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

तू लगेच नरसम्माकडनं मागाची तुटकी सुतं मागून आणलीस. मी म्हटलं, "अक्का, आपल्यात कुठं मटण हाय? दोरा कशाला?" तू म्हणालीस, "त्यांच्या हाताला ओळख पटू दे की." तेव्हापासून भावजींच्या ताटातल्या पानांना दोरा. ते आधी दोरा सोडायचे, ताटाच्या कडेला ठेवायचे, मग खायचे. खाऊन झालं की तू विचारायचीस, "हेच का वो ते?"

आणि ते म्हणायचे, "जवळ आलं."

दरसाल! "जवळ आलं." तुझं तोंड एवढंसं व्हायचं आणि परत फुलायचं. "जवळ आलं म्हणाले गं!" मला असा राग यायचा. भावजींचा नव्हे, तुझा. एका बाईनं किती झिजावं? माणसाच्या डोक्यातली चव कधी कुणाच्या पातेल्यात उतरलीय का? मी म्हणायचे, "ते कधीच न्हाईत म्हणायचे हेच म्हणून." तू म्हणायचीस, "म्हणतील."

मग आला कण्यांचा उन्हाळा. पानं खुडायजोगी झाली होती, आणि घरातला तांदूळ पाहुण्यांत संपलेला. आपल्याकडं तांदूळ म्हणजे सणाचा. पानं तर थांबत नाहीत, दोन उन्हं खाल्ली की चिवट. तू जोंधळे ओले करून सडलेस, जात्यावर भरडलेस, आणि त्या कण्या भरल्यास. वर शेंगांचा कूट, लसूण, कांदा, कोथिंबीर. मी कपाळाला हात लावला. "अगं, बसऱ्याच्या म्हातारीनं काय म्हणायचं?"

"तिला कोण सांगायला जातंय?"

त्या दिवशी भावजींनी ताट पुसून घेतलं. परत वाढून घेतलं. तू विचारलंस, ते म्हणाले, "जवळ आलं," आणि आणखी एक पान उचललं. तुझ्या अक्कलकोटच्या कन्नडात तू स्वतःशीच म्हणालीस, "छलो आग्याद." म्हणजे झकास झालंय. छलो! घरात हा शब्द तुझ्या एकटीचा. भाकरी फुगली की छलो, पोर चालायला लागलं की छलो.

तेव्हापासून कायम कण्याच. आणि तेव्हापासून आपलं खरं भांडण. मी म्हणायचे, "तुला त्यांच्या तोंडून ते हेच असं ऐकायचंय ना? मग तांदूळ घाल, शेंगा काढ. तू बसऱ्यापासनं लांब लांब चाललीस." आणि तू जात्याचा खुंटा धरून म्हणायचीस, "मी कुटं बसऱ्याला चालली? मी सोलापुरातच हाय."

तुझ्याशी भांडण म्हणजे भिंतीशी टक्कर. पण ती भिंत उन्हात सावली देणारी होती, हेही खरं.

माझं पहिलं बाळ गेलं तो उन्हाळा आठवतो? येणारी प्रत्येक बाई मला जवळ घेऊन रडायची आणि मी दगडासारखी. तू रडली नाहीस, समजूत घातली नाहीस. तू पानांची परात माझ्या मांडीवर आणून ठेवलीस. "एवढे देठ खुडून दे." मी देठ खुडत राहिले. तू समोर बसून कण्या निवडत राहिलीस, माझ्याकडं न बघता. परात अर्धी झाली तेव्हा मी बोलायला लागले, आणि मग थांबेचना. त्या दिवशी मला कळलं अक्का, तू भावजींच्या बाबतीत इतकी वर्षं काय करत होतीस. तुला पानांचं वेड नव्हतं. हातात काम आणि समोर न टोकणारं माणूस असलं की आतलं बाहेर येतं, हे तुला कुठल्या शाळेनं शिकवलं? भावजी त्या लढाईतनं अंगानं आले होते. बाकीचे भावजी तू एकेका वाक्यानं घरी आणलेस. अशी बाई मी दुसरी बघितली नाही, आणि बघायची इच्छाही नाही.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेहून आलीस ती तू अंथरुणावरच पडलीस. त्यातलं काही लिहीत नाही, तुला नको असेल. एवढंच, की शेवटी शेवटी नीट बोलत होतीस तेव्हा मला म्हणालीस, "छाटणीला उशीर करू नगंस. ह्या खेपेला म्हणतील बघ."

मी म्हटलं, "म्हणतील की. तांदूळ घाल म्हणजे म्हणतील."

"तू आन् तुझा तांदूळ," म्हणालीस आणि भिंतीकडं तोंड केलंस. हसत होतीस की दमली होतीस, मला पाठीवरून कळलं नाही.

तू गेल्यापासून भावजी परत भिंतीला टेकलेत. अर्धी भाकरी, तीही कुस्करून ठेवलेली. आणि आता मधे कुणी नाही. मी दाराआडून म्हणते, "आमटी वाढायची का?" कुणाला म्हणते, कोण जाणे. ते ताटावर आडवा हात धरतात. तेवढंच आमचं बोलणं.

परवा पानं केली मी. आणि ठरवलं, ह्या खेपेला चूक नाही करायची. तू ज्या एका शब्दासाठी झिजलीस तो भावजींच्या तोंडून काढायचाच, आणि तुला पोचवायचा. नवी पेठेतनं चांगला तांदूळ आणवला, म्हातारी घालायची असं भावजी एकदा म्हणाले होते म्हणून बेदाणे आणवले. शेंगा नाहीत. चिंच नाही. सैल गुंडाळली, ताटली घातली, वरवंटा ठेवला. माझी पानं ह्या खेपेला गाठोडी नाही झाली अक्का, अंगाला अंग लावून बसली. नरसम्मानं न मागता सुतं आणून दिली. मी दोरे बांधले. भावजींनी सांगितलेलं एकेक वाक्य आठवून आठवून केलं, बसऱ्याच्या म्हातारीनं येऊन बघावं असं.

भावजी बसले. पानांकडं बघितलं. दोरा सोडला, कडेला ठेवला. एक खाल्लं, आणि दुसऱ्याचा दोरा काही सोडला नाही. माझा नवरा शेजारी जेवत होता, तोही थांबला. इथं तू विचारायचीस. सगळं घर तुझ्या विचारण्याची वाट बघत होतं आणि कुणी विचारत नव्हतं. मला ते सोसेना. मी पदर पुढं ओढला, दाराबाहेर आले आणि विचारलं, "भावजी, हेच का ते?"

माझ्या नवऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला. भावजींनी वर बघितलं नाही. पण उत्तर दिलं, मला, सरळ मला.

"ह्यात कण्या न्हाईत."

मी म्हटलं, "न्हाईत. तांदूळ हाय. बसऱ्याला होता तसाच. शेंगाबी न्हाई घातल्या."

ते पान बोटांत धरून बसले. मग म्हणाले, "बसऱ्याचं कुणाला पायजे?"

आणि पान परत ताटात ठेवून, "तिचं छलो व्हायचं."

छलो म्हणाले, अक्का. तुझा शब्द, त्यांच्या तोंडून. आणि तिथंच, ताटावर, त्यांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. तू गेलीस तेव्हाही जे आलं नव्हतं ते. मी आत पळाले आणि जात्याजवळ बसून पोटभर रडले. तुझ्यासाठी थोडं, आणि थोडं ह्याचं, की हे ऐकायला तूच नव्हतीस. कधीचे ते तुझ्याच पातेल्याशी ताडून बघत होते गं! बसरा कधीच मागं पडला होता. त्यांना तसं म्हणायचं सुचलं नाही, आणि आपल्याला तसं विचारायचं.

भांडणात तू जिंकलीस. घे.

उद्या परत करतेय. जोंधळे ओले करून ठेवलेत, शेंगा भाजून ठेवल्यात. कोवळी पानं कमी पडली म्हणून शेंड्याकडची, मी तुझ्यापासून लपवून द्राक्षांसाठी राखायचे ना, तीसुद्धा खुडली सगळी. आता चार तरी ठेव म्हणून चुलीपासून कुणी ओरडत नाही.